बुधवारचे आजोबा

बुधवार, १२ सप्टेंबर १९७३

मी नाही! कुठ्ठेच नाही!

तासभर डोळ्यांत तेल घालून टीव्ही बघितला. ल्यूथरदादा आहे, मॉडीवहिनी आहे, सातही पोरं आहेत. आमची लंगडी गायसुद्धा आहे! गाय आहे आणि आत्या नाही.

वेंडेल दादाचा थोरला. कॅलिफोर्नियात टीव्हीसाठी लिहितो. उन्हाळ्यात फोन आला होता – 'आत्या, आपल्या घरावर मालिका लिहिलीय. मंदीतली वर्षं. सगळे आहेत गं तिच्यात.' हे याचे सगळे! दगडाचा कारखाना बंद पडला, दादा कामासाठी डोंगरापलीकडे गेला, शनिवारी चालत घरी यायचा. वहिनीची बाळंतपणं काही संपत नव्हती. तेव्हा खाणकामगारांच्या खानावळीत पहाटे उठून कणीक कोणी मळली? उरलीसुरली बिस्किटं एप्रनच्या खिशातून पोरांसाठी कोणी आणली? सतरा वर्षं त्या घरासाठी मर मर मेले आणि मालिकेत माझ्या जागी कोण, तर एक आजोबा! मिशाळ! वर त्यांची एक कजाग बायको! आमचे आईबाबा १९१८च्या साथीत गेले, तेव्हा वेंडेलचा जन्मही झाला नव्हता. कुठून आणली ही म्हातारा-म्हातारी?

थर्मन क्रिट्झर आला होता बघायला. ओढ्यापलीकडे राहतो. त्याच्या घळीत टीव्हीवर मुंग्यांशिवाय काही दिसत नाही. आधी छपरावर चढून त्यानं अँटेना फिरवली – 'दिसतंय का?' 'नाही!' 'आता?' 'आता होतं तेही गेलं!' – मग खाली येऊन चित्रासारखा बसला. मालिका संपली तरी चष्माच पुसत होता. म्हटलं, काय झालं? म्हणाला, 'छपरावरची धूळ गेली डोळ्यात.'

गुरुवार, १३ सप्टेंबर

दुकानात पाय ठेवायची सोय नाही. अख्ख्या हिकरी फोर्ड गावाला आपापली माणसं सापडलीत. दुकानदारीण ड्रूसी काउंटरमागून ओरडली, 'व्हेला आत्या, मला बारीक दाखवलंय! कंबर बघितलीस?' म्हटलं, त्या वेळी सगळेच बारीक होते, खायलाच नव्हतं.

'आणि तू गं? तुला कसं वाटलं तुझं?' 

माझं काय? मी आहे कुठे? तसं म्हटलं तर ड्रूसीनं माझ्याकडे बघितलं, मग पिठाच्या पोत्याकडे बघितलं, आणि गडबडीनं आत गेली. कीव आली असणार.

बुधवार, २६ सप्टेंबर

मंदीत यांच्या घरी सगळ्या ताटल्या एकाच नक्षीच्या! सातही पोरांच्या पायांत बूट! आमच्याकडे सातांत चार जोड होते, जो आधी उठेल तो शाळेत जाईल अशी शर्यत. म्हणून तर ती पोरं शिकली. आणि दादा एकदाही शिवी देत नाही! ल्यूथरदादा शिवी दिल्याशिवाय घोड्याला पाणीसुद्धा पाजत नसे.

डोंगरही बोडके. थर्मन म्हणाला, 'कॅलिफोर्नियातले आहेत.' म्हटलं, तरीच.

मग त्याच्याशी वाजलं. तो म्हणाला, आजीची भूमिका छान केलीय. मी म्हटलं, ती? सदान्कदा तोंड वाकडं, जावयाच्या घरी जेवल्यासारखी बसते. झालं! महाराज उठले आणि माझ्या भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देत बसले. रागावला की याचे हात घड्याळाकडेच जातात. दोनदा स्प्रिंग तोडलीय माझी. जाताना म्हणाला, 'गुड नाइट, मिस टिन्सली.' रागात असला की मी मिस टिन्सली. एरवी व्हेला.

बुधवार, ३ ऑक्टोबर

हॅचर पाद्रींनी बुधवारची प्रार्थनासभा आठवरून साडेपाचवर आणली. गेल्या महिन्यात टीव्ही म्हणजे सैतानाचं भिंग होतं. आज शेवटचं भजन दोनच कडवी गायलो आणि सगळ्यांत आधी पाद्रीच दाराबाहेर!

बुधवार, १० ऑक्टोबर

हे आजोबा माझ्या डोक्यात जातात. सोंगट्यांत लबाडी करतात – पोराला 'खिडकीत बघ, हरीण!' म्हणायचं आणि पोराची सोंगटी गिळायची. थापाडे तर असे, की तीन वाक्यांत एक खरं निघालं तर नशीब. रेडिओवरच्या माणसाशी भांडतात. आणि आपलंच खरं! चूक झाली तर म्हणणार, 'मी बघत होतो तुमच्या लक्षात येतं का.'

थर्मनला विचारलं, अशा माणसाला घरात कोणी ठेवून कसं घेतं रे? हसता हसता त्याला ठसका लागला. पाठीत थापट्या माराव्या लागल्या. 'घेतात गं,' म्हणाला, 'सवय होते.'

आजी नवऱ्यावर चिडली की त्याला 'मिस्टर' म्हणते. जुन्या बायकांची रीत. तेवढं मात्र वेंडेलला बरं आठवलं.

एक विचारायचं राहून गेलं. थर्मन हल्ली बुधवारी चर्चचा सदरा घालून येतो. इस्त्री केलेला. अँटेना फिरवायला? ड्रूसीनं रस्त्यातच त्याला हटकलं म्हणे, 'काय काका, कुणाकडे मागणी घालायला निघालात?' तो लाल झाला आणि माझ्या फाटकाला धडकला. फाटकाची बिजागरी मोडली.

रविवार, १४ ऑक्टोबर

चर्चहून आले तर अंगणात ओहायोची गाडी. नवरा, बायको, कॅमेरा, आणि गाडीत बसून कंटाळलेली दोन मुलं. बाई म्हणाली, 'ते घर हेच ना? आजोबांची कबर कुठे आहे हो?' म्हटलं, ते अजून जिवंत आहेत, परसात अंघोळ करताहेत. 

गाडी अशी गेली की कोंबड्या अजून झाडावर आहेत.

बुधवार, २४ ऑक्टोबर

आज फार वाईट वाटलं. लिहूनच टाकते.

आजच्या भागात बर्फ पडतं. पोरं थंडीनं कुडकुडतात. आणि आजोबा कारखान्यातले दगडाचे तुकडे चुलीवर तापवतात, एकेकावर थुंकून बघतात – थुंकी नाचली तर जास्त तापला, नुसती चुर्र झाली तर बरोबर – पिठाच्या पिशवीत गुंडाळतात आणि एकेका पोराच्या पायाशी ठेवत जातात.

ते मी ठेवायचे! दगड आमच्या खाणीचा, मऊ, चुलीवर तापला की पहाटेपर्यंत ऊब सोडत नाही. फुटके तुकडे खानावळीमागे पडलेले असायचे, एप्रनमध्ये घालून मी आणायचे. थुंकी माझी होती! वेंडेलच्या टाचेला एकदा चटका बसला होता, डाग असेल अजून. मला काढलं ते काढलं, पण माझ्या हातचं ते काम उचलून त्या मिशाळाला देऊन टाकलं? मंदीत माझ्याकडे दुसरं काय होतं त्या पोरांना द्यायला?

डोळ्यांना एप्रन लावून बसले. थर्मनला काय सुचावं – म्हणाला, 'दगड तर आला ना मालिकेत.' मी म्हटलं, दगड आहेस तू! तो उठला. घड्याळाला किल्ली. गुड नाइट, मिस टिन्सली.

गुरुवार, २५ ऑक्टोबर

सकाळी बघते तर फाटकाची बिजागरी बसवलेली. कधी येऊन गेला कळलंही नाही.

या थर्मननं मला १९३४ मध्ये मागणी घातली होती. ओढ्यावरच्या लाकडी पुलावर. टोपी हातात, टोपीच्या पार चिंध्या करून टाकलेल्या. कारखाना बंद, दादा बाहेर, वहिनी पुन्हा दिवसांत, पुलाखाली वेंडेल बेडूक पकडत होता. मी म्हटलं, 'पोरं मोठी होईपर्यंत थांब.' तो म्हणाला, 'थांबतो.' बस. पुन्हा विषय निघाला नाही. पोरं मोठी झाली, लढाईवर गेली, परत आली, त्यांना पोरं झाली. त्यानं दुसरी कोणी बघितली नाही आणि मला पुन्हा विचारलंही नाही. मी काय पुलावर जाऊन आठवण करून देऊ? बायकांनी विचारायची रीत आहे का? लाकडं फोडून देतो, जेवतो, भांडतो, जातो. चाललंय.

बुधवार, ३१ ऑक्टोबर

अंगणात मोठ्या तांब्याच्या हंड्यात सफरचंदं आटवताना आजोबा ढवळणं हातात घेऊन कोसळले. छातीत कळ. आजी किंचाळली आणि भाग संपला. पुढचं पुढच्या बुधवारी.

बरं झालं! ढवळणं तरी नीट धरायला शिका. 

थर्मन पांढराफटक. 'व्हेला, तू बरी आहेस ना?' मला काय धाड भरलीय? न जेवताच गेला.

गुरुवार, १ नोव्हेंबर

देवा! देवा! देवा!

सकाळी दार वाजलं. शेजारच्या मिसेस ओटली, हातात झाकलेलं भांडं. कोंबडीचा रस्सा. 'काही बोलू नकोस आत्या, बसून राहा.' मागोमाग हॅचर पाद्रींची बायको – भाजलेलं डुकराचं मांस. मग बिटाचं लोणचं. मग वाळवलेल्या सफरचंदांचे थराथरांचे केक, एकामागून एक. आमच्याकडे घरात कोणी आजारी असलं, की गाव असं झाकलेलं ताट घेऊन येतं. पण आजारी कोण? 

मला वाटलं, माझ्या गुडघ्याची बातमी फुटली. म्हटलं, 'अहो, चढ चढताना तेवढा दुखतो!' त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मिसेस ओटली हळूच म्हणाल्या, 'कळ गुडघ्यातूनही वर जाते म्हणे.'

मग ड्रूसी आली. ओल्या डोळ्यांनी. माझा हात हातात घेऊन म्हणाली, 'वेंडेल तुला इतक्यात मारणार नाही गं.'

'मला? मला कशाला मारेल?'

'आत्या... आजोबा म्हणजे तूच ना!'



म्हटलं, वेड लागलंय का तुम्हाला? त्या माणसाला मिश्या आहेत! ड्रूसी म्हणाली, 'मिश्या सोड. दगडावर कोण थुंकायचं? "हरीण!" म्हणून माझ्या सोंगट्या कोणी खाल्ल्या? रेडिओवरच्या बातम्या सांगणाऱ्याला "खोटं बोलतोस" म्हणून चप्पल कोणी दाखवली? काखेत कळसा नि गावाला वळसा! आम्ही पहिल्याच बुधवारी ओळखलं. तू एवढ्या शिव्या घालत होतीस, तेव्हा वाटलं लाजतेयस.'

म्हटलं, माझ्या लक्षात आलं होतं. तुमच्या लक्षात येतं का ते बघत होते.

तेव्हा सगळ्या जणी जे हसल्या! पाद्रीणबाईंना तर खुर्ची द्यावी लागली.

त्या गेल्यावर ही वही मागे उलटून वाचली. थापाडे. लबाड. आपलंच खरं. मग केकचा एक अख्खा थर खाल्ला आणि रडले. गायीच्या आधी होते मी मालिकेत! पहिल्या दिवसापासून होते.

शुक्रवार, २ नोव्हेंबर

वेंडेलला फोन लावला. आमची सगळी आळी एकाच तारेवर, त्यामुळे मी एकटीच बोलत होते पण श्वास सगळ्यांचे ऐकू येत होते. ड्रूसीच्या दुकानाची घंटा तर स्पष्ट.

'वेंडेल, मला पुरुष का केलंस?'

'कळलं का शेवटी, आत्या!' हसला मेला. 'मी आत्याच लिहिली होती गं. टीव्हीवाले म्हणाले, लग्न न झालेली आत्या कोण बघणार? आजोबा करा. मग मी काही बदललं नाही. नुसत्या मिश्या लावल्या.'

'शोभतात हो!' तारेवरून कुणीतरी.

'बरं, आता मला बरं कर. कोंबडीचा रस्सा संपता संपत नाहीये.'

'आत्या, ते उन्हाळ्यातच चित्रित झालंय. आता माझ्या हातात काही नाही.'

'मग मी मेले की जगले, तेवढं तरी सांग!'

'सांगता येत नाही. करार आहे.'

तारेवर मोठा उसासा. हॅचर पाद्रींचा असावा. वेंडेल मग जरा घुटमळला. 'आत्या, आजीबद्दल काही नाही विचारायचं?'

'त्या कजाग बाईचं काय विचारायचं?'

तारेवर श्वाससुद्धा थांबले. मग एक फस्सकन हसली आणि लगेच फोन आपटल्याचा आवाज. काय एवढं हसायचं?

सोमवार, ५ नोव्हेंबर

थर्मन दिवसातून तीनदा येतोय. सरपण आणतो. घागर उचलू देत नाही. 'छातीत काही होतंय का?' म्हटलं, होतंय, तुझ्या प्रश्नांनी जळजळ होतेय. तर त्यानं खरंच सोडा आणून दिला.

ड्रूसीनं दुकानात पैज घ्यायला सुरुवात केली होती – आत्या वाचते की जाते. पाद्रींनी बंद पाडली. त्याआधी ते कोणाच्या बाजूनं होते ते ड्रूसी सांगत नाही.

बुधवार, ७ नोव्हेंबर

साडेपाचला प्रार्थना. पाद्री म्हणाले, 'प्रभो, आमच्यातल्या एका आजारी जीवावर कृपा कर, त्याच्यावर किंवा तिच्यावर, तुला माहीतच आहे.' सगळे आमेन एवढं मोठ्यानं म्हणाले, की मलाच घाबरायला झालं.

आठ वाजता थर्मन आला. इस्त्रीचा सदरा. आज जेवायला नको म्हणाला. मीही नाही जेवले.

आजोबा पलंगावर, डोळे मिटलेले. डॉक्टर मान हलवून गेले. पोरं दारात. आणि ती आजी – तोंड तसंच वाकडं – उठली, चुलीवर दगड ठेवला. तापला. त्यावर थुंकली. पिशवीत गुंडाळून आजोबांच्या पायाशी ठेवला आणि शेजारी बसली. मग म्हणाली, 'पुलावर तुम्ही म्हणालात थांब. मी थांबले. आता तुम्ही थांबा, मिस्टर.'

माझ्या हातातला कप निसटला.

पुलावर? ते पुलावरचं आम्हा दोघांशिवाय कोणाला – पुलाखाली वेंडेल होता! बेडूक पकडत!

पडद्यावर आजोबांनी डोळे उघडले. पोरं ओरडली. आजी उठली, सगळ्यांकडे पाठ करून भिंतीशी गेली, आणि घड्याळाला किल्ली देत बसली. खांदे हलत होते तिचे. किल्ली देतच राहिली.

मी थर्मनकडे बघितलं. तो घड्याळाकडे गेला नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून बसला होता, शाळेत पट्टी खायला बसल्यासारखा.

'तुला ठाऊक होतं?'

'पहिल्या बुधवारपासून.'

'मग बोलला का नाहीस?'

'तू दर आठवड्याला तिला कजाग म्हणत होतीस, व्हेला. मी कोणत्या तोंडानं सांगू, की ती मी आहे?'

हसायला यायला हवं होतं. नाही आलं. चाळीस वर्षं होत आली. वेंडेलनं माझ्यासाठी मिश्या आणल्या, थर्मनला लुगडं नेसवलं, आणि आमचं लग्न लावून टाकलं. सगळा देश दर बुधवारी बघतोय. फक्त आम्हीच दोघं दोन वेगळ्या खुर्च्यांवर बसून.

मी कपाचे तुकडे गोळा केले. तो म्हणाला, 'येतो.' गुड नाइट म्हणाला. नुसतंच. नाव घेतलं नाही.

गुरुवार, ८ नोव्हेंबर

सकाळी गुडघा घेऊन पूल ओलांडला. तो अंगणात लाकडं फोडत होता. म्हटलं, 'थर्मन, पोरं मोठी झाली.'

त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली. 'नक्की ना?' मग टोपी काढली. 'लग्न कधीही ठेव. फक्त बुधवार नको.'